मेंदूच्या औषधाचा शिरा

हसनाबाद,
काकांच्या गोठ्यासमोरची बाज,
बुधवार, ऊन उतरल्यावर

तीर्थरूप सत्यशीलाअक्का आणि दाजी, दोघांनाही कल्याणचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. बाजेवर बसून गुडघ्यावर पाटी ठेवून लिहितोय, दुसरा इलाज नाही.) तुझी कंबर आता कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, का तो कपाटातच आराम करतोय? दाजींचं टायरचं दुकान जोरात असेल. उन्हाळ्यात हायवेवर लोकांचे टायर फुटतात आणि आपल्या घरात आनंद होतो, काय धंदा आहे बघ. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि सासूबाई मधेच 'कोणाचा बोकड?' असं विचारणार, मग मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार. म्हणून कागद घेतला. आई-बाबा जालन्यात मजेत आहेत. मी सोडून सगळेच मजेत आहेत.

दिवाळीत तू मला विचारलं होतंस, की तू त्या प्रयोगशाळेत नक्की करतोस काय, आणि मी सांगायला लागलो तेवढ्यात दाजी झोपले होते. आता ते दुकानात असताना हे वाच. आपल्या मोसंबीच्या सालीखाली जो पांढरा पापुद्रा असतो ना, त्यात हेस्पेरिडिन नावाचा एक पदार्थ असतो. झाडापाल्यात असले पदार्थ पुष्कळ, त्या सगळ्या घराण्याला फ्लेवोनॉइड म्हणतात. काही शास्त्रज्ञांना वाटतं, की हे पोटात गेलं तर मेंदूला बरं पडत असावं. ('असावं' या शब्दाखाली तुझ्या हाताने एक रेघ ओढ. पुढचा सगळा गोंधळ हा एक शब्द गावात कोणी ऐकून न घेतल्यामुळे झाला.) पण मोसंबी खाल्ली म्हणजे हा पदार्थ जसाच्या तसा रक्तात जातो असं नाही. आतड्यातले जंतू त्याच्या अंगावरची साखर काढून खातात, मग आतडं आणि यकृत मिळून त्याला दुसरंच काहीतरी आंबट चिकटवतात, आणि तो नवा अवतार रक्तातून गावभर हिंडतो. त्याला मेटाबोलाइट म्हणायचं. लग्न होऊन गेलेल्या पोरीसारखं आहे, नाव बदललं, आडनाव बदललं, अंगावरचं लुगडं बदललं, आता तिला माहेरच्या नावाने हाक मारली तर सासरी कोणी ओ देत नाही. म्हणून मेंदूच्या पेशींवर नुसता मोसंबीचा रस ओतून काही कळत नाही, हा सासरचा अवतार तिथे नेऊन पाहावा लागतो. तो विकत मिळणं मुश्कील. मग तो प्रयोगशाळेत करायचा. ते मी करतो. एवढंच.

एवढंच म्हटलं, पण ते करताना माझे केस गेले, हे तू दिवाळीत पाहिलंसच. समज, हा पदार्थ म्हणजे तीन हातांचा नवरदेव, आणि त्याला चिकटवायचं ते आंबट म्हणजे हळद. त्याच्या एकाच हाताला हळद लावायची, बाकी दोन हात कोरे राहिले पाहिजेत. पण हळद लावणाऱ्या बायका काय ऐकतात? त्या दिसेल त्या हाताला फासतात. (एक हात तो आधीच खिशात घालून उभा असतो, तेवढीच त्याची माणुसकी.) मग नको त्या हाताला आधी पिशवी बांधायची, हव्या त्या हाताला हळद लावायची, आणि शेवटी पिशवी सोडायची. पण पिशवी सोडताना झटका बसला की हळदही निघून जाते, नाहीतर नवरदेवच मोडतो. हे मी पुन्हा पुन्हा केलं. कधी काळं डांबर झालं, कधी नुसतं पाणी हाती आलं, एकदा तर इतका सुरेख पिवळा रंग आला की मी आनंदाने मॅडमना (म्हणजे माझ्या गाइडबाईंना) बोलावलं, आणि त्या म्हणाल्या, रंग छान आहे, साडीला वापरू. शेवटी या महिन्यात नवरदेव धड उभा राहिला. चिमूटभर मळकट पांढरी पूड. पिठीसाखरेच्या गरीब बहिणीसारखी दिसणारी. मी तिच्याकडे इतका वेळ बघत बसलो की शिपायाने येऊन विचारलं, सर, तब्येत बरी आहे ना?

ही पूड पुण्याला जायची होती. तिथले लोक ती मेंदूच्या पेशींवर घालून बघणार होते. संभाजीनगरहून एक ओळखीचे सर दुसऱ्या दिवशी गाडीने पुण्याला निघणार होते, त्यांच्या हातात नेऊन द्यायची, एवढंच माझं काम. मॅडमनी बजावलं होतं, सरळ जा, थंड ठेव, कुणाच्या हातात देऊ नको. मी बाटली थर्मासात बर्फात ठेवली आणि सरळ निघालो. पण सकाळीच काकूंचा फोन आल्ता, की माऊलीचं लग्न ठरलंय, उद्या म्हसोबाला नवसाची कंदुरी आहे, बोकड कापायचाय, अख्खं गाव जेवायला आहे आणि घरचा शिकलेला पोरगाच नसला तर काय शोभा. आता चुलतभावाचं लग्न ठरल्यावर हसनाबादला न जाणं मला जमलं नाही. एक मुक्काम, सकाळी उठून पुढे, असा हिशेब होता. मॅडमना मी सांगितलं नाही. (हे वाक्य तू वाचून लगेच विसर.)

आता झुंबरकाकू तुला माहीतच आहेत. कोणाच्याही पिशवीत काय आहे हे कळल्याशिवाय त्यांना घास गिळवत नाही. थर्मास बघितला आणि विचारलं, यात काय रे? इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण इतक्या महिन्यांनी काहीतरी धड झालेलं, आणि ऐकणारं माणूस समोर जागं, मी सुटलो. मोसंबी सांगितली, मेंदू सांगितला, तीन हातांचा नवरदेव सांगितला. काकूंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, फक्त शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "म्हणजे मेंदूचं औषध तू घरात करून राह्यला, अन् तुझ्या काकाकडं कोणाचं ध्यान न्हाई."

काकांना काय झालं म्हणून विचारलं तर काकूंनी मला गोठ्याकडे बोट दाखवलं. साहेबरावकाका तिथे उपड्या घमेल्यावर बसले होते आणि कंदुरीच्या बोकडाशी बोलत होते. बोकडाचं नाव वकील. (दाढी आहे, आणि समोर येईल तो कागद खातो.) हा वकील काकांनी अगदी पिल्लू असल्यापासून वाढवला. त्याच्या आईला दूध नव्हतं, काकांनी बाटलीने पाजला. काकू म्हणाल्या, तासन्‌तास बसतो तिथं, त्याला पावसाचं सांगतो, मोसंबीच्या भावाचं सांगतो, टीव्हीतल्या बातम्या सांगतो, माझ्याशी दिवसाकाठी बोलतो ते फक्त 'हं'. डोक्यावर परिणाम झाला न्हाई तं काय? मी म्हटलं, काकू, काकांना काही झालेलं नाही, त्यांना बोकडाचा लळा लागलाय. काकू म्हणाल्या, "लळा लागला असता तं कापू नका म्हणला असता. एका शब्दानं म्हणला न्हाई." हे मात्र खरं होतं. काका एका शब्दानं म्हणाले नव्हते. नवस काकूंचा, पोरगा दोघांचा, आणि काका म्हणजे तुला माहीत आहे, भाजीत मीठ नसलं तरी न बोलता जेवणारा माणूस.

सकाळी मी आवरलं, पिशवी खांद्याला लावली आणि बर्फ उरलाय का बघायला थर्मास उघडला. आत चहा होता. आल्याचा. वाफ येत होती. अक्का, आपल्या मास्तरांनी वर्गात माझं नाव चुकून नापासांत वाचलं होतं तेव्हासुद्धा मी असा पळालो नव्हतो. मी काकूंकडे धावलो, तर त्या शेतावर माणसांना चहा पाठवायचा म्हणून थर्मास रिकामा केल्याचं सांगायला लागल्या. बर्फ वाया नाही घालवला, माठात टाकला. बाटली? बाटली घासून ठेवली, बघ किती छान, कुंकवाला बरी पडंल. आणि बाटलीतली पूड? काकूंनी पदराला हात पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "शिऱ्यात घातली. तुझ्या काकाला दिला. घरचं औषध घरच्या माणसाला आधी, मंग पुण्याला."

मी गोठ्यात गेलो. काका उभे होते, हातात रिकामी बशी. वकील दाव्याला बांधलेला, काहीतरी रवंथ करत होता. बाहेर ओट्यावर सुरीवाला येऊन बसलेला, चहाची वाट बघत. मी ओरडलो, "काका, शिरा खाल्ला का तुम्ही?" आणि त्यात काय होतं, ते करायला माझे किती महिने गेले, त्याची पुण्यात लोक कशी वाट बघून राह्यलेत, ती पूड म्हणजे लाखमोलाची कशी, ते सगळं एका श्वासात सांगितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग सुरीवाल्याकडे बघितलं. मग बोकडाकडे. आणि मग काका बोलले, ते मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य होतं. "म्या कशाला खाईल, मला गोड जमत न्हाई, वकिलाला टाकला बघ सगळा."

मी मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. हसनाबाद कुठून आलं मधे, हे विचारायला त्यांना वेळ लागला नाही. मग त्या अतिशय थंड आवाजात म्हणाल्या, कल्याण, हा पदार्थ शरीरातून बाहेर कुठून पडतो? मी म्हटलं, लघवीतून. त्या म्हणाल्या, मग जा आणि धर. फोन ठेवला.

तर अक्का, तुझा भाऊ, रसायनशास्त्रात एम.एस्सी. पहिला वर्ग, स्टीलचा तांब्या घेऊन बोकडामागे हिंडायला लागला. कंदुरी अर्थातच थांबली, मीच सुरीवाल्याला हात जोडले. वकील मोठा मानी. आपण बघत असलो की तो करत नाही. मी नजर वळवली की करतो, आणि मी तांब्या घेऊन पोचेपर्यंत जमीन पिऊन टाकते. शेवटी काका म्हणाले, बांधलेलं जनावर मोकळं होत न्हाई, सोड त्याला. (पुन्हा पूर्ण वाक्य!) सोडला. तो निघाला गावात. पुढे वकील, मागे तांब्या घेतलेला मी, माझ्या मागे काका, आणि काकांच्या मागे ज्यांना त्या दिवशी काम नव्हतं ते सगळे. हसनाबाद मोठं गाव आहे, त्यामुळे बरेच होते.

आता तो कुठे गेला हे नीट वाच, कारण यावरूनच पुढचं घडलं. आधी तो रेशन दुकानासमोरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. (पुढच्या बाईच्या पिशवीत पाला होता.) मग शाळेत शिरला आणि भिंतीवरच्या नकाशासमोर थांबला. (चुना चाटत होता.) मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावरचा एक कागद वाचल्यासारखा बघितला आणि खाल्ला. सुरीवाला दिसला तेव्हा त्याने रस्ता बदलला, यात तर मला काहीच विशेष वाटलं नाही, मी पण बदलला असता. पण तातेरावांना वाटलं. तातेराव म्हणजे आपले जुने सोसायटीचे चेअरमन, पांढरा शर्ट, कुठल्याही गर्दीत आपोआप मधोमध येणारे. त्यांनी काकूंकडून औषधाची गोष्ट ऐकली होती. ते वकिलासमोर उभे राहिले आणि मोठ्याने विचारलं, की आमच्या नातवाला सायन्सला घालावं का आर्ट्सला? बोकडाच्या कानावर माशी बसली. त्याने मान हलवली. सायन्स म्हणताना हलवली का आर्ट्स म्हणताना, यावर तिथेच दोन पार्ट्या पडल्या, पण मान हलवली यावर सगळ्यांचं एकमत झालं.

दुपारपर्यंत गोठ्यासमोर लोक. एकजण बोअर कुठे मारू विचारायला आलेला, एक बाई सून वेगळी निघणार का हे विचारायला. भोकरदनवरून एक पत्रकार मोबाईल घेऊन आला, त्याला वकिलाने काहीच सांगितलं नाही, फक्त त्याची वही खाल्ली, आणि ही बातमी झाली. मी प्रत्येकाला सांगत होतो, की अहो, मेंदूला फायदा होतो की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही, तेच तपासायचं होतं, आणि झाला तरी चिमूटभर सकाळी खाऊन दुपारपर्यंत होत नाही. लोक माझ्याकडे कौतुकाने बघून म्हणायचे, शिकलेलं पोरगं, गुपित फोडत न्हाई. काका घमेल्यावर बसून होते. चेहरा इतका प्रसन्न की काकू म्हणाल्या, बघ, आता तरी बरा दिसून राह्यला. तांब्यात एकदाचं थोडं जमलं होतं, ते मी स्वच्छ बाटलीत भरून, बर्फात ठेवून, बसने जालन्याला मॅडमकडे पाठवलं. कंडक्टरने विचारलं काय आहे, मी म्हटलं, ताक.

पण अक्का, माणसाची अक्कल कुठे वळेल सांगता येत नाही. संध्याकाळी तातेराव पुन्हा आले, या वेळी हळू आवाजात. म्हणाले, कंदुरी कधी आहे? मी म्हटलं, आता कसली कंदुरी, औषध खाल्लेला बोकड, लोक जेवायला भितील. तातेराव म्हणाले, "भ्यायचं काय? उलट मुंडी आमच्याकडं दे. भेजा नातवाला घालतो. त्याची परीक्षा आहे." त्यांच्यामागे अजून दोघे उभे होते, त्यांच्याही पोरांच्या परीक्षा. एकाचा पोरगा पोलीस भरतीत नापास झाल्ता, त्याला अर्धा तरी पाहिजे होता. सकाळी जो बोकड शहाणा म्हणून वाचला होता, तो आता शहाणा म्हणूनच कापायला निघाला. मी काकांकडे बघितलं. काकांनी वकिलाच्या गळ्यात हात घातला होता आणि दुसऱ्या हाताने ते टोपीने डोळे पुसत होते. त्या माणसाला मी आजोबा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पारावर बैठकच बसली. काकू पण आल्या, कारण नवस त्यांचा. तातेराव मला म्हणाले, तू सांग, तू शास्त्रज्ञ आहेस, खायला हरकत आहे का? आता मी काय सांगावं? खरं सांगितलं, की मटणात काही दोष नाही आणि मेंदूत काही विशेष नाही, तर कंदुरी त्याच संध्याकाळी. विषारी आहे म्हटलं तर काकूंनी काकांना विष घातल्यासारखं व्हायचं, आणि शिवाय ते खोटं. भेज्याने परीक्षा पास होते म्हटलं, तर मॅडमच मला कापतील. मी उभा राहिलो, घसा खाकरला, आणि अक्का, मला स्वतःला माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे. मी म्हणालो, "हा बोकड आता बोकड राह्यला न्हाई. हा नमुना आहे. नमुना कापता येत न्हाई, शिजवता येत न्हाई, वाटता येत न्हाई. तपासणी होईपर्यंत तो प्रयोगशाळेच्या ताब्यात." आणि खिशातून प्रयोगशाळेचं छापील लेबल काढून त्यावर लिहिलं, आणि सुतळीने त्याच्या गळ्यात बांधलं: नमुना. थंड व कोरड्या जागी ठेवणे. हलवू नये. लेबल बघितल्यावर बैठक उठली. छापील कागदाला आपल्याकडे अजून मान आहे. (वकिलाने ते लेबल रात्रीपर्यंत खाल्लं, पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं.)

पारावरून काकू तडक निघाल्या. घरी आल्यावर काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुला कापायचा नव्हता तं मला सांगायचं होतं. काका म्हणाले, "तुझा नवस व्हता." काकू म्हणाल्या, "नवस माझा व्हता, पण नवरा बी माझाच आहे ना." मी बाहेर गेलो. अशा वेळी घरात तिसऱ्या माणसाचं काम नसतं.

हे इथेच संपलं असतं. पण काल मॅडमचा फोन आला. त्यांनी लघवी तपासली. म्हणाल्या, कल्याण, तू बोकडाच्या पोटात गेली म्हणालास ती पूड चिमूटभर. आणि या बाटलीत तो पदार्थ त्याच्याहून कितीतरी जास्त आहे. मी म्हटलं, हे कसं शक्य आहे? मॅडम म्हणाल्या, हा बोकड खातो काय? मी वळून बघितलं. गोठ्याच्या कोपऱ्यात मृग बहाराच्या, म्हणजे या उन्हाळ्यात निघालेल्या मोसंबीच्या सालींचा ढीग होता. अक्का, तो जन्मल्यापासून साली खातोय! मी जे पिशव्या बांधून, पिशव्या सोडून, केस घालवून केलं, ते हा रोज सकाळी उठून मातीत ओततो. मी विचारलं, मग मी कशाला करत बसलो? मॅडम पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, अरे, त्यात शंभर भानगडी मिसळलेल्या आहेत, त्यातून शुद्ध वेगळं काढायला तुझा जन्म जाईल. मेंदूच्या पेशींवर बोकडाची लघवी ओतायची नाही ना आपल्याला? सोमवारपासून पुन्हा सुरू कर. आणि थर्मास आणू नको.

माझं डोकं फिरलं होतं म्हणून म्हण, हा निकाल मी चहा पिताना हॉटेलात बोललो. 'भरपूर निघालं' एवढंच लोकांनी ऐकलं. आज सकाळी तातेराव आले, की तपासणी झाली, भरपूर निघालं, आता नमुना मोकळा करा. पोलीस भरतीवाल्याचा बाप पण होता, त्याने डबाच आणला होता. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बोकड बाहेरगावी चाललाय, म्हसोबाला मी सांगितलंय, पाहुणा परत आला की बघू. तातेराव म्हणाले, बोकड बाहेरगावी कशाला? काकू म्हणाल्या, "हवापालटाला. मेंदूवर ताण आलाय त्याच्या."

असं सगळं आहे. बाकी ठीक. माऊलीच्या लग्नाची पत्रिका येईलच, त्यात माझं नाव कुठे छापलंय बघ आणि मला कळव. तुझी तब्येत जप, पट्टा बांध, दाजींना उन्हात फार बसू देऊ नको.

तुझा धाकटा भाऊ,
कल्याण

ता. क. हे पत्र मोसंबीच्या पिकअपमधून येतंय. त्याच पिकअपमध्ये वकील पण आहे. तुझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो मावेल असा माझा अंदाज आहे. लग्न होईपर्यंतच. सासूबाईंना सांग, सरकारी प्रयोगाचा आहे. हे खोटं आहे, पण खरं त्यांनी स्पीकरवर ऐकलं नाही म्हणजे झालं. कपडे वाळत घालशील ते उंच घाल.

ता. क. २. त्याच्याबरोबर साहेबरावकाका पण आहेत. ते म्हणाले, त्याला एकट्याला करमायचं न्हाई. त्यांना शेडमध्ये ठेवू नको, घरात ठेव. फार काही लागत नाही त्यांना, आणि तू घाबरू नको, ते अलीकडे बोलतात.

ता. क. ३. (हे अक्षर वेगळं आहे, गोंधळू नको.) सत्यशीला माय, मी तुझा काका लिहून राह्यलो. पत्र वाटेत वाचलं, रागावू नको. त्या पोराला सांगू नको पण तुला सांगतो. शिरा म्याच खाल्ला. बशी चाटून खाल्ला, तुझ्या काकूनं वेलदोडा घातल्ता. वकिलाला एक कण दिला न्हाई. पण तो सुरीवाला बसल्ता, अन् कल्याण म्हणला लाखमोलाचं आहे ते, मंग मला वाटलं ज्याच्या पोटात लाखमोलाचं त्याला कोण कापल. पोरगं बिचारं तांब्या घेऊन फिरलं, मला लई वाईट वाटलं, पण मी म्हणलो असतो तं तांब्या माझ्यामागं आला असता. मेंदूचं विचारशील तं मला काही फरक वाटून न्हाई राह्यला. आता काम असं आहे की पिकअपवाल्यानं वडीगोद्रीला गाडी थांबवून जेवणाचा डबा उघडला अन् त्यात मटण निघालं. वकिलासमोर बरं दिसत न्हाई म्हणून आम्ही उतरलो अन् लिंबाखाली बसलो. पत्र पिकअपवाल्याच्या हाती पुढं पाठवून राह्यलो. दाजीला घ्यायला पाठव. मोटारसायकल नको म्हणावं, आम्ही दोघं आहोत.